निवृत्तीनंतर लावलेलं जंगल

निवृत्त माणसाला जो तो सांगतो, आता आराम करा. लिओ ब्राइमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी तो केला नाही, हे बरंच झालं म्हणायचं!

जन्म १९२८ चा. १९५४ साली बर्कलीहून पीएच.डी., मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात संभाव्यतेचं शुद्ध गणित. कायमची नोकरी, आणि ती त्यांनी सोडली. (आपल्याकडे मास्तराने पर्मनंट नोकरी सोडली असती तर घरात आठ दिवस चूल पेटली नसती.) पुढची तेरा-एक वर्षं स्वतंत्र सल्लागार म्हणून काढली.

तिथे खरे आकडे भेटले. लॉस एंजेलिसच्या हवेत ओझोन किती वाढेल ते १२ तास आधी सांगायचं होतं. सात वर्षांच्या नोंदी, ४५० हून जास्त घटक... तरी जमलं नाही. धोक्याचे खोटे इशारेच फार निघत. हे अपयश त्यांनी पुढे स्वतःच छापून सांगितलं. दुसरं काम, रासायनिक पदार्थात क्लोरीन आहे का ते ओळखणं. त्यासाठी १,५०० हो-नाही प्रश्न तयार केले. डॉक्टर विचारतात ना, ताप आहे का? असेल तर थंडी वाजते का? तसं एकेका उत्तरावरून फांद्या फुटत जाणारं झाड. ते साधारण ९५ टक्के बरोबर आलं.

मला यातली परीक्षा फार आवडली. पंचवीस हजार पदार्थांवर झाडाला शिकवायचं आणि पाच हजार लपवून ठेवायचे, तपासायचं फक्त त्यांच्यावर. म्हणजे आपला अपठित उतारा! गाइड पाठ करणारा मुलगा नेमका तिथेच उघडा पडतो.

१९८० मध्ये ते बर्कलीला शिकवायला परतले. १९८४ साली तीन सहकाऱ्यांसोबत या झाडांवर पुस्तक लिहिलं. १९९३ ला निवृत्त झाले. आणि खरी कमाल त्यानंतर, २००१ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी: 'रँडम फॉरेस्ट', झाडांचं जंगल. एकटं झाड लहरी असतं, चार नोंदी बदलल्या की उत्तर बदलतं. म्हणून शेकडो झाडं लावायची, प्रत्येकाला चिठ्ठ्या टाकून वेगळ्या नोंदी द्यायच्या, प्रत्येक फाट्यावर थोडेच प्रश्न निवडू द्यायचे आणि शेवटी मत घ्यायचं. निबंध दहा परीक्षकांनी तपासावा तसं. मात्र ते एकाच खोलीत गप्पा मारत बसलेले नकोत, नाहीतर सगळ्यांच्या चुका सारख्याच!

त्याच वर्षी त्यांनी आपल्याच बिरादरीला सुनावलं, की तुम्ही सूत्र आधी ठरवता आणि आकडे त्यात कोंबता. डेव्हिड कॉक्स, ब्रॅडली एफ्रन यांच्यासारख्या दिग्गजांचे आक्षेप त्या लेखासोबतच छापले गेले. वाद असा व्हावा.

ब्राइमन २००५ साली गेले. जंगलाचा प्रोग्रॅम त्यांनी आपली पूर्वीची विद्यार्थिनी अॅडेल कटलर हिच्याबरोबर लिहिला होता. ती तोवर स्वतः प्राध्यापक झाली होती आणि नंतरही तिने तो सांभाळला. शोधनिबंधावर एकट्या ब्राइमन यांचं नाव आहे. प्रोग्रॅमवर मात्र दोघांचं.