पुण्याचे मैदान आणि सेकंदाचा काटा

१.
ऑलिंपिकमधील भारताच्या इतिहासाची सुरुवात बहुधा हॉकीच्या १९२८ च्या सुवर्णपदकापासून सांगितली जाते. अधिक मागे जाणारे नॉर्मन प्रिचर्ड यांच्या १९०० सालच्या दोन रौप्यपदकांचा उल्लेख करतात. परंतु प्रिचर्ड पॅरिसमध्ये एकटेच धावले होते. भारताचा संघ म्हणून जे पहिले पाऊल पडले, त्याचा उगम पुण्याच्या एका ओबडधोबड गवताळ मैदानावर आहे. त्या मैदानावरचे धावपटू अनवाणी होते आणि त्यांतील बहुतेक शेतावर राबणारे तरुण होते.

२.
हे मैदान डेक्कन जिमखान्याचे. संस्थेची स्थापना १९०६ सालची. तिच्या उभारणीत बंडोपंत भाजेकर अग्रभागी होते. स्वदेशीच्या चळवळीने भारलेला तो काळ होता. गोऱ्या साहेबांच्या क्लबांचे दरवाजे सामान्य हिंदी माणसाला बंद असताना, आपल्या लोकांना आधुनिक खेळांची गोडी लागावी आणि देशी खेळांनाही मान मिळावा, अशी दुहेरी आकांक्षा या संस्थेमागे होती. १९१९ मध्ये तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले.

३.
दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. तरुणपणी ते केंब्रिज विद्यापीठाच्या कीज कॉलेजात दोन वर्षे शिकले होते आणि तेथील क्रीडाजीवन त्यांनी जवळून अनुभवले होते. विद्यापीठाच्या मैदानावरील शर्यत कशी आखली जाते, वेळ कशी नोंदवली जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच पुण्यातील स्पर्धा पाहताना त्यांच्या मनात एकाच वेळी दोन भावना उमटल्या : कौतुक आणि अस्वस्थता.

४.
अस्वस्थतेचे कारण असे. शंभर मीटरची शर्यत सरळ रेषेत आणि दोऱ्यांनी आखलेल्या स्वतंत्र मार्गिकांतून व्हावी, हा युरोपातील शिरस्ता. पुण्यात मैदान लहान, जमीन रोलर न फिरवलेली; त्यामुळे ही शर्यत वळणावरून आणि दोऱ्यांविनाच घेण्याचा बेत होता. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी या साऱ्याची हकीकत सांगितली आहे. ऑलिंपिकसाठी शंभर मीटरला किती वेळ अपेक्षित असावा, असा प्रश्न निघाला, तेव्हा समितीतील एका सदस्याने मिनिटांच्या हिशेबात उत्तर दिले. येथे प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि सेकंदाच्या अंशांचा आहे, हे ऐकून तो सद्गृहस्थ थक्क झाला.

५.
या प्रसंगावर हसणे सोपे आहे. पण त्यामागचा अर्थ गंभीर आहे. जत्रेतील कुस्तीत किंवा गावच्या शर्यतीत मल्ल आणि धावपटू समोरच्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजतात. जो पुढे गेला, तो जिंकला. तेथे घड्याळाची गरजच नसते. आधुनिक मैदानी स्पर्धेत मात्र धावपटू एका अदृश्य प्रतिस्पर्ध्याशीही धावत असतो. तो प्रतिस्पर्धी म्हणजे हजारो मैलांवर कोणीतरी नोंदवलेली वेळ. पुण्यातला धावपटू अँटवर्पमधल्या धावपटूच्या तोडीचा आहे किंवा नाही, हे ठरवण्याचे दुसरे साधन नव्हते.

६.
आता कौतुकाचे कारण. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नाही, पुरेसा सकस आहार नाही, पायांत बूट नाहीत. तरीही या मुलांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत, असे दोराबजींना आढळले. विशेषतः लांब पल्ल्याच्या धावपटूंनी त्यांचे लक्ष वेधले. या तरुणांना योग्य शिक्षण मिळाले तर ते देशाचे नाव राखतील, असा विश्वास त्यांना वाटू लागला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने हालचाली झाल्या आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये सहभागी होण्याची मान्यता भारताला मिळाली. पुण्यात निवड स्पर्धा झाल्या. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

७.
निवडलेल्या धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. कोल्हापूरचे रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन कुस्तीगीर. संघ बोटीने इंग्लंडला गेला, तेथे काही काळ सराव झाला आणि मग बेल्जियम. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा हे खेळाडू मायदेशापासून दूर होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पच्या उद्घाटन संचलनात बॅनर्जी यांनी संघाचा ध्वज हाती घेतला.

८.
२२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित मॅरेथॉनहूनही थोडे अधिक. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. दातार यांना मात्र शर्यत पूर्ण करता आली नाही. विजेत्याहून चौगुले सुमारे अठरा मिनिटे मागे होते. परंतु कोलेमाइनेन हे १९१२ मध्येच तीन सुवर्णपदके जिंकलेले, जगातील सर्वोत्तम धावपटूंपैकी एक होते, हे विसरता येत नाही.

९.
कुस्तीत तर पदक हाताशी आले होते. फ्रीस्टाइल फेदरवेट गटात रणधीर शिंदे चौथे आले. या गटातील सुवर्ण आणि रौप्य दोन्ही अमेरिकेने जिंकले आणि दोन्ही विजेते विद्यापीठांच्या आखाड्यांत घडलेले होते : चार्ल्स अॅकर्ली कॉर्नेलचे, तर सॅम गर्सन पेनसिल्व्हेनियाचे. शंभर मीटरचे विजेते चार्ली पॅडॉक हेही दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांची वेळ १०.८ सेकंद. एकीकडे कोल्हापूरची तालीम आणि पुण्याचे गवत; दुसरीकडे महाविद्यालयांची मैदाने, पगारी प्रशिक्षक आणि दरवर्षी ठरावीक काळी होणाऱ्या स्पर्धा.

१०.
खरा फरक येथे दिसतो. अँटवर्पनंतरच्याच वर्षी, १९२१ मध्ये, अमेरिकेत पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन मैदानी स्पर्धा शिकागोच्या स्टॅग फील्डवर झाली. पुढे ती ऑलिंपिकची पाठशाळाच ठरली. १९३६ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जेसी ओवेन्स यांनी या स्पर्धेत चार विजेतेपदे मिळवली आणि त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके. १९४९ ते १९५५ अशी सलग सात वर्षे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने सांघिक विजेतेपद राखले. एका पिढीची वेळ नोंदवली जाई आणि पुढची पिढी त्या आकड्याचा पाठलाग करी. चौगुले यांच्या मागून येणाऱ्या तरुणासाठी अशी शिडी नव्हती.

११.
ती उभारण्याचे प्रयत्न मात्र झाले. १९२० मध्येच अमेरिकन क्रीडाशिक्षक हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. त्यांतून पॅरिससाठी संघ निवडला गेला आणि बक त्याच्यासोबत गेले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष आणि वायएमसीएचे डॉ. ए. जी. नोरेन सचिव. पुण्याच्या मैदानावर पडलेल्या प्रश्नाला असे संस्थेचे रूप आले.

१२.
मार्च १९५१ मध्ये स्वतंत्र भारताच्या राजधानीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. अकरा देश सहभागी झाले. मुंबईकर लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी महिलांच्या १०० मीटरमध्ये रौप्य मिळवले. पिंटो यांची १०० मीटरची वेळ होती १०.८ सेकंद. अँटवर्पमध्ये पॅडॉक यांनी सुवर्ण जिंकताना नोंदवलेला आकडा तोच होता. एकतीस वर्षांनी एक भारतीय धावपटू त्या आकड्यापाशी पोहोचला. जग मात्र तोपर्यंत त्याच्या पुढे निघून गेले होते.

१३.
म्हणून १९१९ च्या त्या स्पर्धेचे महत्त्व पदकांच्या तक्त्यात शोधू नये. त्या दिवशी शेतकऱ्यांच्या मुलांच्या धावण्याला प्रथमच जगाच्या मापाने मोजले गेले आणि माप खोटे ठरले नाही. गुण होते, जिद्द होती. नव्हती ती सरळ आखलेली धावपट्टी, अचूक घड्याळ आणि दरवर्षी न चुकता भरणारी स्पर्धा. खेळाडू निसर्ग देतो. पण त्याच्या मागून येणाऱ्या खेळाडूसाठी वाट बांधून ठेवण्याचे काम समाजाला करावे लागते. फडेप्पा चौगुले यांचा १९ वा क्रमांक हा त्या न बांधलेल्या वाटेचा पहिला मैलाचा दगड आहे.