‘माझं काही होणार नाही’ असं मन सारखं म्हणतं? त्याला उलट प्रश्न कसे विचारायचे?

ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुमच्याकडून एक आकडा चुकीचा सांगितला जातो. बॉस दुरुस्त करतात, मीटिंग पुढे सरकते. पण घरी जाताना लोकलमध्ये डोक्यात सुरूच असतं - ‘मी बिनडोक आहे. माझं काही होणार नाही.’

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात अशा विचारांना ‘स्वयंचलित विचार’ म्हटलं. नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की हे विचार इतक्या झटकन येतात की माणूस ते तपासत नाही, थेट खरे मानतो.

त्याआधी, 1955च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी जी उपचारपद्धती सुरू केली, ती मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून ओळखली जाते. ती मराठी वाचकांपर्यंत नेण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस यांच्या मते घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो, आणि त्रास देणारा विचार बहुतेकदा हट्टी असतो - ‘माझी चूक होताच कामा नये.’ (मराठीत हा हट्ट पकडणं सोपं आहे. वाक्यातला ‘च’ शोधा!)

मग करायचं काय? विचार जसा आला तसा कागदावर लिहा. ‘माझं काही होणार नाही’ याला पुरावा काय? विरोधात काय आहे? हीच चूक मैत्रिणीकडून झाली असती, तर तिला ‘बिनडोक’ म्हणाला असता का? शेवटी जे उरेल ते लिहा - ‘आकडा चुकला. वाईट वाटलं. पुढच्या वेळी तपासून जाईन.’ सुरुवातीला हे कोरडं वाटतं. जुनी सवय आहे, चार दिवसांत जात नाही.

आरशासमोर ‘मी ग्रेट आहे’ म्हणायचा सल्लाही हमखास मिळतो. पण कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009च्या अभ्यासात, ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी होता, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःला सांगितल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य मन परतवून लावतं. त्यामुळे वाक्य गोड नसलं तरी चालेल, खरं हवं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वहीवर थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.