जुन्नरचे पत्र : नाना फडणीस आणि कागदाची साक्ष

उत्तर पेशवाईविषयी मराठीत झालेल्या विपुल लेखनात नाना फडणिसांच्या बुद्धीची आणि कारस्थानांची चर्चा पुष्कळ आढळते. ज्या वस्तूच्या बळावर ती बुद्धी चालत होती त्या वस्तूची, म्हणजे कागदाची, चर्चा मात्र फारच थोडी. बाळाजी जनार्दन भानू हे सेनापती नव्हते. १७७५ ते १७८२ पर्यंतचे इंग्रजांशी युद्ध, त्यानंतरच्या टिपूवरील मोहिमा, १७९५ ची खर्ड्याची लढाई या साऱ्या काळात पुण्याच्या कारभाराचे सूत्र त्यांच्या हाती होते. पण ते सूत्र तलवारीच्या मुठीतून गेलेले नसून लेखणीच्या बोरूतून गेलेले होते. बारभाईंचे कारभारी मंडळ हळूहळू विरत गेले, सखारामबापू बोकील कैदेत पडले, आणि फडणिशी ही मूळची हिशेबतपासणीची जागा राज्याची सर्वोच्च सत्ता होऊन बसली. हिशेबनिसाच्या हाती राज्य का यावे, या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावात जितके आहे, तितकेच ते दफ्तराच्या रचनेत आहे.

फडणिसाच्या हाताखालचा फड म्हणजे राज्याची स्मृती. परगण्यांचे बेहेडे, सरंजामाचे जाबते, रोजकीर्दी, गडकोटांचे खर्च हे सर्व तेथे नोंदले जाई आणि नोंद झाल्यावाचून सनदेला अर्थ नसे. सरदाराने किती फौज ठेवावी आणि तिच्यापोटी कोणता मुलूख खावा, हे ज्याला कागद उलगडून सांगता येते त्याच्यापुढे सरदाराचा आवाज आपोआप खाली येतो. इंग्रजी अंमल बसल्यावर ज्या अधिकाऱ्यांनी पुण्याचे सरकारी दफ्तर पाहिले, त्यांनीही नानांच्या काळातील शिस्त आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील अनास्था यांतील अंतर नोंदवून ठेवले आहे. या सरकारी दफ्तराखेरीज नानांचे खासगी दफ्तर होते, ते वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संशोधनामुळे ते अभ्यासकांपुढे आले, आणि पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर तेथील अभ्यासकांना खुला झाला.

दफ्तर वाचताना एक साधी गोष्ट सहज विसरली जाते. कोणाचेही दफ्तर हे मुख्यतः त्याला आलेल्या पत्रांचे असते. हैदराबादहून गोविंदराव काळे काय लिहितात, दरबारोदरबारीचे वकील आणि बातमीदार काय कळवितात, हे मेणवलीच्या रुमालांत सापडावे हे स्वाभाविक होय. नानांनी स्वतः काय लिहिले ते मात्र इतरांच्या घरी शोधावे लागते. पटवर्धनांच्या दफ्तरातून वासुदेवशास्त्री खरे यांनी सिद्ध केलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त नानांचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो, तो या कारणाने. ज्याच्या नावाने दफ्तर ओळखले जाते, तोच त्यात बहुतांशी श्रोत्याच्या भूमिकेत असतो. चरित्रकाराने या मौनाचा अर्थ ‘गूढ स्वभाव’ असा लावणे ही वाचनाची गफलत आहे. तो स्वभावाचा पुरावा नसून साधनाचा धर्म आहे.

नानांचे म्हणता येईल असे एकच संपूर्ण निवेदन उपलब्ध आहे, ते म्हणजे त्यांचे छोटे आत्मवृत्त. जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. बालपणीची देवपूजा, तारुण्यातील वासनांची विलक्षण मोकळी कबुली, पानिपतच्या रणातून जीव वाचवून केलेला प्रवास आणि आईची कायमची ताटातूट एवढ्यावर ते वृत्त थांबते. त्या वेळी नाना अठरा-एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे कारभारी होण्यापूर्वीचा माणूस ‘मी’ म्हणून बोलतो आणि कारभारी झाल्यावर तो ‘मी’ पत्राच्या मायन्यात लोपतो. साष्टांग नमस्कार, येथील कुशल, विनंती विशेष, लोभ असो द्यावा या ठरीव चौकटीत व्यक्ती उरत नाही, पद उरते. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी बखरीला जितके महत्त्व दिले, तितके या पत्रभाषेला दिलेले नाही. वास्तविक सत्तेची भाषा म्हणून मराठीची घडण बखरीपेक्षा पत्रात अधिक झाली.

या कागदाचा जुन्नरशी असलेला पहिला संबंध अगदी भौतिक आहे. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र. तेथील कागदी मुसलमान कारागिरांचा माल ‘जुन्नरी’ या नावाने ओळखला जाई, आणि पुण्यातील कागदीपुऱ्याची वस्ती पेशवाईत जुन्नरहून आलेल्या कारागिरांनी केली असे सांगतात. हुकूम पुण्याहून जुन्नरास जात. ज्यावर ते लिहायचे त्या कागदाची विद्या जुन्नरहून पुण्यास आली होती. आंबेगावच्या पश्चिमेस, खेडच्या सीमेवर, भीमाशंकराच्या देवळाच्या बांधकामाशी नानांचे नाव जोडलेले आहे; पण भाविकांच्या स्मरणात राहिलेला हा मंत्री आणि शिवनेरीवरील कैदेच्या संदर्भातला मंत्री यांची एकमेकांशी ओळख कोणी करून देत नाही. (ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचे नाव पडले, ते मूळ गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. स्थानिक स्मृतीचे दफ्तरही असे बुडू शकते.)

दुसरा संबंध १७९४ चा. राघोबादादांच्या मृत्यूनंतर त्यांचे कुटुंब नजरकैदेतच होते. आनंदीबाई १७९४ मध्ये आनंदवल्लीस वारल्या आणि त्याच वर्षी बाजीराव, चिमाजी आप्पा व दत्तक अमृतराव या तिघांना जुन्नरास शिवनेरी किल्ल्यावर आणून ठेवण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान असलेला किल्ला पेशव्याच्या चुलतघराण्याचा तुरुंग व्हावा, यातील विरोधाभासावर नाटककारांनी पुष्कळ शब्द खर्च केले असते, पण त्यांना त्याहून चमकदार विषय सापडला : पत्र.

हकीकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात दिली आहे. पहाऱ्यावरील बळवंतराव नागनाथ यास वश करून बाजीरावाने पुण्यास सवाई माधवरावांकडे गुप्त पत्र पाठविले. दोघेही बंदिवान, एक पुण्यात व एक जुन्नरात, तरी मने मोकळी आहेत आणि पूर्वजांप्रमाणे पराक्रम करण्याची वेळ येईल, असा त्याचा आशय. तरुण पेशव्याने उत्तरे दिली, पत्रव्यवहार चालू राहिला, नानांना तो कळला. बळवंतरावास बेड्या घालून किल्ल्यावर टाकण्यात आले आणि पेशव्यास कठोर शब्द ऐकावे लागले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडले व दोन दिवसांनी मरण पावले. डफने या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा धागा ओढला आणि मृत्यूला आत्महत्या ठरविले. मराठी पत्रांतून मात्र ताप, वात आणि अपघात अशी हकीकत येते.

येथे कोणती बाजू खरी याचा निवाडा करण्यापेक्षा त्या बाजूंचे स्वरूप तपासणे अधिक फलदायी ठरेल. जुन्नरचे हे पत्र मराठी वाचकाला ज्या शब्दांत परिचित आहे, ते शब्द डफच्या इंग्रजीचे आहेत. १८३० च्या सुमारास कॅप्टन केपनने बाबा साने यांच्या साहाय्याने डफचा ग्रंथ मराठीत आणला आणि बाजीरावाचे मराठी पत्र इंग्रजीतून फिरून मराठीत आले. या फेऱ्यात त्याचा मायना गळून पडला. चुलत नात्याने काका लागणारा बंदिवान श्रीमंतांना कोणत्या पायरीवरून लिहितो, ‘विज्ञापना’ लिहितो की ‘आशीर्वाद’, यावर मोडी पत्राचा अर्धा अर्थ अवलंबून असतो. तो अर्धा अर्थ जाऊन उरला तो भावनेचा अर्क, आणि तो एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाचकाच्या रुचीला मानवणारा होता : दोन तरुण, एक वृद्ध पहारेकरी, स्वातंत्र्याची ओढ. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकात डफवर टीका करताना साधनांच्या वापराचा प्रश्न उपस्थित केला होता. भाषांतराने संहितेचा प्रकारच बदलतो, हा प्रश्न मात्र त्यानंतरही मागेच राहिला.

परिणाम साहित्यात दिसतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात शेक्सपिअरच्या दोन शोकात्मिकांचे संस्कार एकत्र येतात आणि केशवशास्त्री हा कल्पित खलपुरुष संशयाचे विष पेरतो. नानांवरचा दोष कल्पित पात्राच्या अंगावर घालून मंत्र्याला वाचविण्याची ही युक्ती केवळ नाट्यतंत्राची नव्हे; टिळकयुगाला राष्ट्राचा मुत्सद्दी निष्कलंक हवा होता. पुढे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने नानांना रंगभूमीवर उलट्या बाजूने आणले तेव्हा उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. त्या वादात दोन्ही पक्षांनी ‘इतिहासाची’ ग्वाही दिली. नाटक इतिहासाविषयी नाही, असे एका बाजूने म्हणायचे आणि नाना असे नव्हतेच, असे दुसऱ्या बाजूने. दफ्तर उघडण्याची गरज दोहोंपैकी कोणालाच फारशी भासली नाही.

पत्राचा खरा तणाव शोधायचा तर नानांच्या बाजूने विचार करावा लागतो. पुण्याहून खेड, मंचर, नारायणगाव या वाटेने जुन्नर फार तर दोन मजलांवर. या वाटेवरून किल्ल्याच्या शिबंदीचे हिशेब, रसदेच्या याद्या, पहाऱ्याचे जाबसाल जात-येत असणार, आणि ते सर्व फडावरून. त्याच वाटेने एक असा कागद गेला की ज्याची नोंद कोठेच नव्हती. नोंदीवर उभ्या असलेल्या सत्तेच्या दृष्टीने यापेक्षा मोठा अपराध नाही. शब्द गोड होते की कडवट, हे गौण. नानांचा संताप क्रूर होता यात शंका नाही. एकवीस वर्षांच्या पेशव्याला खाजगी पत्रसुद्धा लिहिता येऊ नये ही व्यवस्था समर्थनीय म्हणता येणार नाही. परंतु तो संताप व्यक्तिगत मत्सराचा होता, असे मानले की दफ्तरशाहीचे तर्कशास्त्र नजरेआड होते.

पेशवा निपुत्रिक गेला. यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा नानांचा बेत चालू असतानाच शिवनेरीवरून दुसरे संधान बांधले गेले, या वेळी दौलतराव शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या पागनीस यांच्याशी. ते कळताच नानांनी डाव उलटविला आणि बाजीरावालाच गादीवर आणण्यासाठी १७९६ च्या पूर्वार्धात परशुरामभाऊ पटवर्धनांना जुन्नरास धाडले. किल्ल्यावर जे घडले ते या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलके आहे. अमृतरावाचा विश्वास बसेना. तेव्हा भाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून गोदेची शपथ घेतली, आणि मग बाजीराव खाली उतरला. ज्या राज्यात प्रत्येक कराराला यादी, प्रत्येक यादीला शिक्का आणि प्रत्येक शिक्क्याला नोंद होती, त्या राज्याच्या सेनानीला गादीचा वारस गडावरून उतरविण्यासाठी कागद पुरला नाही. लेखनसंस्कृती आपल्या कळसाला पोचली असताना तिच्या केंद्रस्थानीच मौखिक शपथेचा आश्रय घ्यावा लागला. वीस वर्षे कागदाने इतके काही लपविले होते की त्याच्यावर विसंबायला, ज्यांना लपविले होते तेच तयार नव्हते.

शपथ टिकली नाही हे पुढे दिसलेच. शिंद्यांची फौज चालून येताच नाना साताऱ्याकडे व तेथून वाईस सरले. भाऊ बाळोबांना मिळाले, आणि मे महिन्यात बाजीरावाऐवजी धाकट्या चिमाजी आप्पाला यशोदाबाईंचा दत्तक करून पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. नाना घाट उतरून महाडास गेले. फड नाही, शिक्का नाही, खजिन्यातला काही पैसा आणि लेखक तेवढे बरोबर. त्या अवस्थेत त्यांनी निजाम, होळकर, नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्याच छावणीतील माणसे यांना पत्रांनी बांधून घेतले. या जाळ्यातला एक धागा थेट बाजीरावापर्यंत गेला होता. बाजीराव पहाऱ्यात होता आणि पहाऱ्याला चुकवून त्याची व नानांची गुप्त पत्रे चालू होती. आदल्याच वर्षी बळवंतराव नागनाथाच्या पायांत ज्या कृत्यासाठी बेड्या पडल्या, ते कृत्य आता कारभाऱ्याचे शेवटचे साधन झाले.

ऑक्टोबर १७९६ मध्ये बाळोबा तात्या पकडले गेले. परशुरामभाऊ चिमाजी आप्पाला बरोबर घेऊन थोड्या स्वारांनिशी निसटले, ते जुन्नरच्याच रोखाने, शिवनेरीकडे. पाठलाग झाला आणि तेथे त्यांना शरण यावे लागले. डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला, नाना पुन्हा कारभारी. वर्ष उलटते न उलटते तोच शिंद्यांनी नानांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले, आणि त्यांचे कागद मेणवलीत राहिले. भाऊंचे कागद पटवर्धनांच्या दफ्तरांत. शिवनेरीवरच्या त्या शपथेचा तपास करू पाहणाऱ्याला दोन्हीकडचे रुमाल शेजारी ठेवूनच वाचावे लागतील.