नाच आपल्यात नसतो?

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी नाचणार म्हटलं, की आमच्या बपेऱ्याकडचे पालक म्हणतात, "सर, नाच आपल्यात नसतो."

इतिहास वेगळं सांगतो. खुलताबादला ज्यांची मजार आहे ते हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन १३३७) निजामुद्दीन औलियांचे मुरीद. समाच्या मैफलीत ते भान हरपून रक्स करीत. त्यांची धाटणी इतकी निराळी, की तसं नाचणाऱ्यांना 'बुऱ्हानी' म्हणू लागले. समावर उलेमांचे आक्षेप तेव्हाही होतेच.

समातला रक्स म्हणजे कथक नव्हे. कथकात तालमीशिवाय पाऊल उचलत नाही. पण त्याची भाषा ऐका. सुरुवातीला 'आमद', मग 'सलामी'. आम्हां उर्दू शिकवणाऱ्यांना याचे अर्थ कोशात बघावे लागत नाहीत. लखनौत वाजिद अली शाहाच्या दरबारी ठाकूरप्रसादांसारखे हिंदू गुरू मानानं राहिले. मुंबईत उलट घडलं. 'रतन' (१९४४) मधल्या गाण्यांनी गाजलेल्या जोहराबाई अंबालेवालींची मुलगी रोशनकुमारी जयपूर घराण्याच्या पंडित सुंदरप्रसादांची शागीर्द झाली. सत्यजित राय यांच्या 'जलसाघर' (१९५८) मध्ये त्यांच्या पायांची तयारी आजही पाहता येते. १९७१ मध्ये त्यांनी मुंबईत नृत्यकला केंद्र काढलं, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

तत्काराचे तेच बोल दुप्पट, चौपट होत जातात, तेव्हा आम्हांला खानकाहमधला जिक्र आठवतो. मौलवीसाहेबांना ही तुलना रुचणार नाही. बुऱ्हानुद्दीनांच्या मुरिदांना मात्र ती परकी वाटली नसती.