बोहारणीचा सौदा

घरातील जुन्या वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पाडण्याचा इतिहास पाहू गेले, की आम्हांस प्रथम आठवते ती बोहारीण. लुगडे विरले, की आधी त्याची गोधडी होई, बाळाची दुपटी होत, शेवटी पोतेरे. यातून उरेल ते तिच्या वाट्याला. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियांनी मुंबईत हा धंदा मोठ्या प्रमाणावर केला. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे गाठोडे. ती लुगडे उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधी. गृहिणी पातेल्याला टिचकी मारून पत्रा पाही. जरीकाठी लुगडे असले तर भाव चढे, कारण खऱ्या जरीतली चांदी आटवून काढता येई. अर्धा तास घासाघीस होई. मनाजोगे जमले नाही, तर बोहारीण गाठोडे उचलून सरळ जिना उतरू लागे, आणि मग गृहिणीच तिला हाक मारी! पुढे हे कपडे धुऊन, शिवून जुन्या बाजारात जात आणि मजूर ते पारखून विकत घेई. या साखळीत प्रत्येकाला 'नको' म्हणता येत होते, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

दानाच्या व्यवहारात नेमके तेच हरवते. अमेरिकेत बोस्टन शहरी एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाला हे १९०२ च्या सुमारास उमगले होते. श्रीमंत वस्तीतून पोत्यांतून आणलेले कपडे आणि सामान त्याने गरिबांत नुसते वाटले नाही. त्यांच्याच हातून ते दुरुस्त करविले, त्याची मजुरी दिली आणि माल स्वस्तात विकला. 'गुडविल इंडस्ट्रीज' ही संस्था त्यातून उभी राहिली.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचा लोंढा आला. कोणाला काय लागते, हे पाठविण्याआधी विचारतो कोण? नको असलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. ते गोळा करून निवडण्याचे काम दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने अंगावर घेतले. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली. गावकऱ्यांनी आपल्याला हवी ती विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यावेत, अशी तिची रीत आहे. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बोहारणीला पुरस्कार देण्याचे कोणाला सुचले नाही, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे आता जुने कपडे पिशवीत कोंबून मोलकरणीच्या हाती देतात. तिने पिशवी उघडून एखादा कपडा परत केला, तर किती घरांत ते खपेल? दिल्लीत मात्र रघुबीर नगरला जुन्या कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. भांडी देऊन घरोघरचे कपडे आणणाऱ्या वाघरी बायका तेथे गाठोडी सोडून बसतात.