वनवाटा आणि निसर्गकला : झाडांच्या सावलीतले कलादालन

वनस्पती उद्यान म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि फोटो काढण्याची जागा येते. पण बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक आहे. बाग मुख्यतः विरंगुळ्यासाठी असते. वनस्पती उद्यानात झाडे अभ्यासासाठी आणि जतनासाठी लावलेली असतात, त्यांची नोंद ठेवली जाते आणि खोडाजवळ नावाची पाटी असते. अशा उद्यानातून झाडीमधून जाणारी पायवाट म्हणजे वनवाट. त्या वाटेवर पाने, माती, दगड, वाळलेले लाकूड यांतून उभी राहिलेली कला म्हणजे निसर्गकला.

निसर्गकला म्हणजे नेमके काय?

नेहमीचा शिल्पकार दगड कारखान्यात नेतो. निसर्गकला करणारा जागेवरच काम करतो आणि तिथे पडलेले सामान वापरतो. ब्रिटिश कलावंत अँडी गोल्ड्सवर्दी यांची पाने, बर्फ, काटक्या आणि दगड यांतली कामे जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांतली बरीचशी काही तासांत किंवा दिवसांत विरून जातात आणि मागे फक्त छायाचित्र उरते. अमेरिकेतील युटा राज्यात रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये खाऱ्या सरोवराच्या काठी दगड-मातीची प्रचंड सर्पिल वाट बांधली. पाणी चढले की ती बुडते, उतरले की पुन्हा दिसते.

भारतातले सर्वांत ठळक उदाहरण चंदीगडचे रॉक गार्डन. रस्ते खात्यातील निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास झाडीतल्या एका घळीत हे काम गुपचूप सुरू केले. फुटक्या बांगड्या, फरशांचे तुकडे आणि दगड यांतून त्यांनी शेकडो आकृत्या उभ्या केल्या. १९७६ मध्ये ही जागा लोकांसाठी खुली झाली.

ही कल्पना परदेशी आहे का?

नाही. उदगीरहून तेलंगणाची हद्द फार दूर नाही. तिथे नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे आणि झेंडू थरावर थर रचून गोपुरासारखा आकार करतात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात. आपल्याकडची पळसाच्या पानांची पत्रावळ, पोळ्याचे मातीचे बैल, अंगणातली रांगोळी हीही त्याच जातीची कला. हाताशी आहे त्यातून करायचे आणि काम झाले की मातीला परत द्यायचे.

महाराष्ट्रात कुठे पाहता येते?

पुण्यातील एम्प्रेस गार्डनमध्ये उंच जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या जाडजूड महावेली पाहायला मिळतात. झाडांवरून लोंबणाऱ्या या वेली कुणी घडवलेल्या नाहीत, तरी शिल्पासारख्याच दिसतात. पुण्यातच असलेल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मुंबईची राणीची बाग लोक प्राणी पाहायला जातात, पण ते मुळात वनस्पती उद्यान आहे. तिथल्या गोरखचिंचेचे फुगीर खोड पाहण्यासारखे आहे. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही उभा आहे. तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा करण्यात आला.

उदगीर परिसरात काय आहे?

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट हे वनस्पती उद्यान नव्हे, पण वनवाट आणि उघड्यावरची कला तिथे एकत्र भेटतात. टेकडी चढावी, झाडीतून फिरावे आणि खडकात कोरलेली लेणी पाहावीत. याच जिल्ह्यात औसा तालुक्यातील खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. या भागाच्या माळांवर आणि टेकड्यांवर कडुनिंब, बाभूळ, पळस, बोर, सीताफळ अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा फांदीवर पान नसते, नुसता केशरी रंग असतो. त्यानंतर उन्हाळ्यात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. हिरवाई पाहायची असेल तर पावसाळ्याचा शेवट उत्तम.

एक झाडही महत्त्वाचे का?

लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. झाडे पाऊस पाडून देतील असा भाबडा हिशेब करण्याचे कारण नाही. मात्र मुळे आणि पालापाचोळा माती भुसभुशीत ठेवतात, त्यामुळे पाणी वाहून जाण्याऐवजी जमिनीत मुरते. म्हणूनच इथल्या वनवाटेवर फिरताना कलेच्या नावाखाली झाडाला इजा होणार नाही, हे पाहणे इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा गरजेचे ठरते.

नुकसान कसे होते?

खोडावर नाव कोरणे : सालीच्या आतल्या भागातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. साल कापली की हा मार्ग तुटतो आणि जखमेतून बुरशी व कीड आत शिरते. खोडाभोवती पूर्ण वर्तुळात साल निघाली तर झाड मरूही शकते.

खोड रंगवणे : सालीवर हवेच्या देवाणघेवाणीसाठी सूक्ष्म छिद्रे असतात. तैलरंगाने ती बुजतात.

वाट सोडून चालणे : अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या थरात असतात. पायांनी माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही आणि पाणीही मुरत नाही.

दगडांचे मनोरे रचणे : दगडाखाली पाली, विंचू, किडे राहतात. दगड हलवला की त्यांचा निवारा जातो आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. विंचवाचा धोका आपल्यालाही असतोच.

बुंध्याभोवती काँक्रीट : राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. गावोगावच्या पारांनाही हाच विचार लागू पडतो.

मुलांना घेऊन काय करता येईल?

फक्त गळलेली पाने, शेंगा, बिया आणि वाळक्या काटक्या गोळा कराव्यात. एकाच झाडाची पाने कोवळ्या तांबूस रंगापासून सुकलेल्या तपकिरीपर्यंत ओळीने मांडली, तरी सुरेख चित्र तयार होते. गोंद, टिकल्या, प्लास्टिक वापरू नये. ज्या झाडाची पाने वापरली त्याचे नाव शोधून मुलांनी वहीत लिहावे. फोटो काढून झाला की सगळे पुन्हा झाडाखाली पसरून द्यावे. तोच पाचोळा कुजून खत होतो.

लेण्यांत किंवा किल्ल्याच्या भिंतींवर मात्र काहीही लिहू, चिकटवू किंवा रंगवू नये. पाने पुढच्या वर्षी पुन्हा येतात, कोरीव दगड पुन्हा उगवत नाही.