पोटावरची पिशवी कशी सुटली

मलाशयाचा कर्करोग झालेला माणूस मनमाडहून सकाळची पंचवटी धरून परळच्या टाटा रुग्णालयात जातो, तेव्हा गाठ निघेल का, या काळजीच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्याला छळत असतो: पोटावर मलाची कायमची पिशवी लागेल का?

शंभर वर्षांपूर्वी उत्तर ठरलेलं होतं. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने खालून गाठ काढलेल्या 57 रुग्णांपैकी 54 जणांत रोग उलटला. म्हणून 1908 साली त्याने मलाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. जीव वाचे, पण शौच जन्मभर पोटावरच्या छिद्रातून.

रोग खालच्या अंगाला फारसा पसरत नाही, हे पुढे कळलं आणि गुदद्वार राखायची हिंमत आली. 1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सनने अशा 400 रुग्णांचा अनुभव छापला. तरी ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या अरुंद पोकळीत हाताने टाके घालणं महाकठीण. सोव्हिएत संशोधकांनी आतड्याची टोकं धातूच्या पिनांनी जोडणारी यंत्रं बनवली होती. सत्तरच्या दशकात त्यांच्या सुधारित गोल आवृत्त्या अमेरिकेतून जगभर गेल्या.

जोडणी जमली, पण ताबा कुठे होता? मल साठवून धरणारी जागाच गेलेली. वरचं आतडं थेट गुदद्वाराला जोडलं की दिवसातून कित्येकदा धावावं लागे, कळ आवरत नसे. किरणोपचार झाले असतील तर हाल आणखी. 1986 साली फ्रान्समध्ये लाझोर्त आणि पार्क यांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली: आतड्याचं टोक इंग्रजी 'जे'सारखं दुमडून त्याची छोटी थैली शिवायची आणि ती खाली जोडायची. या साऱ्या इतिहासात मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण रुग्ण घरी गेल्यावर कसा जगतो, हा प्रश्न इथे शस्त्रक्रियेच्या आखणीत शिरला. थैलीचा फायदा मुख्यतः पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जाणवतो. पण तीच वर्षं सर्वांत खडतर असतात.

इतक्या खालची जोडणी भरून येईपर्यंत बहुधा लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे तात्पुरती पिशवी लावतात आणि काही महिन्यांनी ते तोंड बंद करतात. पिशवी सुटल्यावर सुरुवातीला शौचाच्या खेपा वाढतात, धुण्याला पाणी जास्त लागतं. मनमाडात तर वर्षानुवर्षं उन्हाळ्यात नळाला पाणी येई ते कित्येक दिवसांनी. घरी पाण्याची टंचाई असेल, तर पिशवी काढायची तारीख ठरवताना ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.